रंग चुलीवर आहे

आमच्या घरात दोन मोठे गंज होते आणि त्यांनी एकमेकांच्या जवळ येता कामा नये, असा आईचा कायदा होता. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगून टाकते, गंज म्हणजे लोखंडाला चढतो तो नव्हे, आम्ही मोठ्या पातेल्याला गंज म्हणतो. एक गंज पितळी, कल्हई केलेला, पाहुणे आले की वरणासाठी निघायचा. दुसरा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, काठाला चेमटलेला, आतून कधी जांभळट तर कधी हिरवट. तो मागच्या अंगणात संत्र्याच्या रिकाम्या खोक्यावर पालथा घातलेला असायचा. तो रंगाचा गंज. मुळात तोही स्वयंपाकघरातलाच होता, पण आत्याने एकदा आईला न विचारता त्यात लाल लोकर रंगवली, राखेने घासघासून जागच्या जागी ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी आमचा भात गुलाबी झाला. बाबा मुकाट्याने जेवले आणि वर म्हणाले, "दिसते तं चांगला." त्यानंतर आई बरेच दिवस आत्याशीही बोलली नाही आणि बाबांशीही. गंज मात्र त्याच संध्याकाळी घराबाहेर पडला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला पारशिवनीला दिलं होतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही, आणि त्या शेतकरी घरात ती राबणारं एक जास्तीचं माणूस होऊन राहिली. कधीतरी कशावरून तरी बिनसलं आणि ती एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आली. काय बिनसलं ते तिने कधी सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायची, "तुले काय करा लागते वं बेबी? लोकर धर नीट." बेबी म्हणजे मी. आता सत्तरी ओलांडली तरी आमच्या नात्यात मी बेबीच आहे, त्याला काही इलाज नाही.

आम्ही नंदनवन वस्तीत राहायला आलो तेव्हा तिथे नंदनवन म्हणावं असं काही नव्हतं. मोकळे प्लॉट, बाभळी, आणि पलीकडच्या गल्लीत विणकरांची घरं. दिवसभर त्यांच्या हातमागांची खटखट चालू असे. ती थांबली की आम्हाला कळायचं, जेवणाची वेळ झाली. बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते. सायकलने जायचे, आणि थंडीच्या दिवसांत आत्याने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर शर्टाच्या आतून घालायचे, कारण वरून घातला की साहेब विचारतो कुठून आणला. नागपुरात स्वेटर कशाला लागतो म्हणून पुण्या-मुंबईचे लोक आम्हाला हसतात. हसोत बापडे. पौषातल्या पहाटे सायकल हाणत एकदा गावाबाहेर जाऊन यावं आणि मग बोलावं.

आत्याची लोकर दोन जातीची. एक जुन्या स्वेटरांची. विटका, कोपरातून फाटलेला स्वेटर कुणी दिला की ती तो उसवायची, मी समोर बसून दोन्ही हात पुढे धरायची आणि ती माझ्या हातांवर धागा गुंडाळून लडी करायची. दुसरी इतवारीच्या बाजारातून आणलेली पांढरी. रंगाच्या पुड्याही तिथल्याच. लडी आधी रिठ्याच्या पाण्यात भिजवायची, पिळायची नाही, नुसती दाबायची. मग गंजात पाणी, त्यात विरघळवलेला रंग, चिंचेचं पाणी आणि लडी, आणि खालून मंद जाळ. उकळी येऊ द्यायची नाही. पाणी नुसतं थरथरलं पाहिजे. लोकरीला एकदम गरम, एकदम गार सोसत नाही, ती आटते, तिचा नमदा होतो. म्हणून रंग चढला तरी लोकर बाहेर काढायची नाही, आहे त्याच पाण्यात तिला निवू द्यायचं. याला सहज अर्धा दिवस जायचा, आणि तोवर आत्या तिथून हलायची नाही. दारात कोणी आलं, कोणी हाक मारली, तर तिचं उत्तर ठरलेलं असे, "रंग चुलीवर हाये." या एका वाक्यापुढे कोणाचं काही चालत नसे. एकदा तर बाबांचे साहेबच दारात आले होते आणि ती उठली नाही.

रंगांची नावं तिची स्वतःची होती. पुडीवर काय छापलंय ते तिला वाचता येत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. वांगी, सुकली मिरची, कच्चं संत्रं, पिकलं संत्रं, सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. आणि भुरा. भुरा म्हणजे भुऱ्या कोहळ्याच्या सालीचा रंग, पांढुरकी पूड बसलेली असते ना त्या सालीवर, तो. हा करायला सगळ्यात अवघड. काळ्या पुडीची चिमूट जराशी जास्त झाली की पाटीसारखा दिसतो, आणि नुसता काळा टाकला तर निळसर मारतो, म्हणून त्यात कणभर लाल टाकावा लागतो. तुम्ही आम्ही त्याला राखाडी म्हणू. आत्या नाही म्हणायची. "राख मसणातली. अंगावर घालाच्या कपड्याले राख म्हणते का कोणी?"

एका वर्षी दिवाळी झाल्यावर पारशिवनीचे काका आले, म्हणजे आत्याचे दीर. धोतर, डोक्याला रुमालाची टापशी, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. माणूस वाईट नव्हता, हे आज मला म्हणता येतं. तेव्हा मला त्यांच्या शेंगासुद्धा आवडल्या नाहीत. ओसरीवर चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "माय खाटेवर हाये. घरात बाया दोन, पण वावरातलं पाहतील का तिले पाहतील? वहिनी, तुमी घरी चाला आता. किती दिवस भावाच्या दारात राहता?"

बाबा म्हणाले, "अक्का, तुही मर्जी."

बाबांचा स्वभावच तो. कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या दोन शब्दांनी आत्याचा चेहरा उतरला, कारण मर्जी तिची आहे असं तिला आयुष्यात कोणी म्हटलंच नव्हतं, आणि जेव्हा म्हटलं तेव्हा ते 'जा' असं ऐकू आलं. तिने आईकडे पाहिलं. आई शेंगा सोलत होती, तिने मान वर केली नाही. आई बोलायला फार कंजूष. आनंद झाला तरी ती भांडी घासायला घ्यायची आणि राग आला तरी भांडीच घासायची, माणसाने काय समजावं? आत्याने तिला समजायचं ते समजून घेतलं. काकांना म्हणाली, "हाती एक काम हाये लोकाचं. ते होऊ द्या, मंग सांगतो."

ते काम दुबेबाईंचं. या आमच्या पाठच्या ओळीत राहायच्या, नवरा रेल्वेत, माहेर तिकडे उत्तरेकडे. हौशी बाई. आत्याचं विणकाम बघून स्वतः पांढऱ्या लोकरीच्या लड्या घेऊन आल्या होत्या. "बाबूजी के लिए बनाना है, बाई. भूरा कर देना. पक्का भूरा." माहेरी जाताना त्यांना वडिलांसाठी स्वेटर न्यायचा होता. घराबाहेरच्या माणसाचं आत्याने घेतलेलं हे पहिलं काम. आतापर्यंत ती आमच्यासाठीच विणायची, नाहीतर शेजारीपाजारी कोणाच्या बाळाची टोपडी, तीही मायेपोटी.

लडी गुंडाळताना ती मला म्हणाली, "हा दुबेबाईले आवडला ना बेबी, तं मी राह्यतो. एकीनं नेला का दुसरी येते. मंग मी अठी फुकट बसून खाते असं कोणाले वाटणार नाही. नाही आवडला तं जातो बापा. भाकरी तं तिकडंबी थापाच्याच हायेत."

"कोणाला वाटतं असं?" मी विचारलं.

"वाटते कोणाले तरी," म्हणून तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

मला आत्या जायला नको होती. ती गेली असती तर माझ्या वेण्या कोण घालणार, आईच्या तडाख्यातून कोण सोडवणार, आणि संध्याकाळी चुलीपाशी पारशिवनीच्या जंगलातल्या अस्वलांच्या गोष्टी कोण सांगणार? एवढाच माझा स्वार्थ होता आणि तो मला पुरेसा होता. तो स्वेटर विणला जात असताना मी रोज शाळेतून आल्याबरोबर तो किती वाढला ते बघायची. रंग असा उतरला होता की बस. एकसारखा, मऊ, कुठे डाग नाही. गळ्याला बारीक वेणीची नक्षी. आमच्या घरी तेव्हा मुगवड्यांसाठी आणलेला भुरा कोहळा कोपऱ्यात पडून होता. आत्याने स्वेटरची बाही त्याच्याजवळ नेऊन धरली आणि मान हलवली. स्वतःच्या कामावर खूश झालेली आत्या मी त्या दिवशी पाहिली.

दुबेबाई आल्या. आईने अर्धा कोहळा किसायला घेतला होता, आत्याने ओसरीवर स्वेटर उलगडून दाखवला.

"बहुत सुंदर," दुबेबाई म्हणाल्या. "ये किसका है?"

"तुमचाच."

"मेरा? मैंने तो भूरा बोला था ना, बाई."

"भुराच तं हाये."

"ये भूरा है? ये तो सिलेटी है." सिलेटी म्हणजे पाटीसारखा राखाडी.

आत्या उठली, आत गेली आणि किसणीवरचा अर्धा कोहळा तसाच घेऊन आली. साल वर करून दुबेबाईंसमोर धरला. "याले काय म्हणता तुमच्यात?"

"भूरा कुम्हड़ा," दुबेबाई म्हणाल्या. कोहळ्याकडे बघितलं, स्वेटरकडे बघितलं. दोन्हींत तसूभर फरक नव्हता. मग त्यांना हसू फुटलं. "अब इसको तो हम भी भूरा ही बोलते हैं, काहे बोलते हैं भगवान जाने. मगर भूरा तो..." त्या इकडेतिकडे बघू लागल्या आणि त्यांनी समोर ठेवलेल्या कपातल्या चहाकडे बोट दाखवलं. "भूरा तो ये है ना, बाई. इससे गहरा. कत्थई."

"मंग कत्थई काहून नाही म्हटलं? कात तं आमीबी खातो."

दुबेबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. मन मोकळं होतं बाईंचं, त्यांनी राग धरला नाही. पण स्वेटर उचललाही नाही. बाबूजी हट्टी आहेत, तपकिरी सोडून दुसरा रंग अंगाला लावत नाहीत, आता काय करायचं बघू, तुम्हीच ठेवा तोवर, असं म्हणत त्या निघाल्या. आत्या हसली नाही. ओसरीवर कोहळा एका मांडीवर आणि स्वेटर दुसऱ्या मांडीवर घेऊन बसून राहिली.

मी म्हटलं, "आत्या, फिक्यावर गडद चढतो ना? परत रंगव."

"लडी रंगवता येते. विणलेला कपडा मी कधी गंजात टाकला नाही. आटला तं? लोकाची लोकर हाये." थोड्या वेळाने म्हणाली, "शब्द समजत नाही तं काम काय घेतं माणूस? अडाणी ते अडाणी. जाऊ दे बेबी."

तिने स्वेटर घडी करून फळीवर ठेवला. बाबांना सांगितलं की काकांना निरोप धाडा, येत्या रविवारी येऊन घेऊन जा. बाबांनी पारशिवनीकडे जाणाऱ्या कोणाबरोबर तरी निरोप धाडला. मला बाबांचा इतका राग आला होता की त्या दिवशी त्यांच्या सायकलची हवा सोडावीशी वाटली. सोडली नाही, कारण तीही मलाच भरावी लागली असती.

रविवारी सकाळी आत्याने न्हाऊन धुवट लुगडं नेसलं आणि पेटी भरायला घेतली. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. ती मला उगाच कामं सांगत होती, हे आण, ते ठेव. दोघींनाही रडायचं नव्हतं. हातमाग बंद होते, रविवारी विणकरांचा बाजार असे. नेहमीची खटखट नसल्याने घर फार मोकळं वाटत होतं. आई मागच्या अंगणात होती. तिने काय चालवलंय ते आम्ही बघितलं नाही. आई अंगणात म्हणजे भांडी घासत असणार, दुसरं काय?

काका आले. बाबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. "झाली का तयारी? दुपारची मोटार सापडली पाहिजे," ते म्हणाले.

तेवढ्यात आई पदराला हात पुसत आली. ती पाहुण्यांशी सहसा बोलायची नाही, म्हणून बाबांनीही वर पाहिलं. आई म्हणाली, "अक्का आत्ता नाही निघू शकत."

"काहून?"

"रंग चुलीवर हाये. दुबेबाईचा स्वेटर टाकला हाये त्यात. निवल्याबिगर काढता येत नाही, आणि अक्काशिवाय तो कोणाले काढताबी येत नाही."

आतल्या खोलीत आत्याने हे ऐकलं. आईने स्वेटर गंजात टाकला म्हणजे संपलंच सगळं. आई कपडे उकळते तसा रटारटा उकळणार, बाबूजींचा स्वेटर बाहुलीच्या मापाचा होणार. आत्या पेटी तशीच उघडी टाकून मागच्या दाराने अंगणात धावली. मी तिच्यामागे. चूल धडधडून पेटली होती, इतकी लाकडं आई एरवी दोन वेळच्या स्वयंपाकालाही लावत नसे. रंगाचा गंज चुलीवर होता, झाकण घातलेलं. आत्याने पदराने झाकण उचललं.

आत पाणी होतं. नुसतं पाणी. ना रंग, ना चिंच, ना लोकर. स्वच्छ पाण्याला बुडबुडे येत होते आणि खाली गंजाच्या बुडाचे जुने डाग दिसत होते. स्वेटर आत फळीवर होता, मी तो सकाळीच पाहिला होता, पण धावताना आम्हा दोघींनाही ते आठवलं नाही.

आत्या झाकण हातात धरून उभी राहिली. मी तिच्याकडे बघत होते, आणि मला वाटलं ती आता रडेल. तिने खाली वाकून चुलीतली दोन लाकडं मागे ओढली. जाळ बसला, बुडबुडे थांबले, पाणी थरथरायला लागलं. मग ती मला म्हणाली, "बेबी, पानठेल्यावर जाय. कात आण. मूठभर नाही, चांगला ओंजळभर आण. आणि येताना फळीवरचा स्वेटर घेऊन ये."

मी पळत पळत कात घेऊन आले तेव्हा काका मागच्या दारात उभे होते. आत्या चुलीपुढे पाटावर बसली होती, पाठ त्यांच्याकडे. ते म्हणत होते, "मंग उद्या येऊ का, वहिनी?"

"भाऊजी," आत्या मागे न पाहता म्हणाली, "मायले भेटाले मी येतो. चार दिवस राह्यतो, पाय दाबून देतो तिचे. पण राहाले नाही येत. अठी रंग चुलीवर हाये."

काकांनी गंजाकडे बघितलं, आईकडे बघितलं. त्यांनी डोक्यावरची टापशी काढून परत बांधली आणि बाबांबरोबर मोटारीकडे निघाले. जाताना बाबा आत्याला म्हणाले, "मी बी तेच म्हणत होतो." बाबांनी असं काही म्हटलेलं आमच्यापैकी कोणी ऐकलं नव्हतं.

कात विरघळला, तुरटी पडली, आणि आत्याने विणलेला स्वेटर आयुष्यात पहिल्यांदा गंजात सोडला. दुपार कलली तरी ती तिथेच होती. आई येऊन शेजारी बसली. अंगणात कातड्यासारखा वास सुटला होता. आत्या म्हणाली, "वहिनी, नुसतं पाणीच ठेवलं व्हतं वं तुनं."

"मले रंगातलं काय समजते अक्का," आई म्हणाली. "पाणी तेवढं तापवता येते."

आणि ती भांडी घासायला उठली.

स्वेटर थोडा आटला. पण बाबूजीही म्हातारपणी थोडे आटलेच होते, असं दुबेबाई माहेराहून परत आल्यावर म्हणाल्या, आणि रंग पाहून बाबूजींनी स्वेटर लगेच अंगात घातला म्हणे. पुढे दुबेबाईंनी आणखी दोघींना आत्याकडे पाठवलं आणि दोघींना दारातच सांगून ठेवलं की रंग बोलून सांगू नका, वस्तू दाखवा. ठरल्याप्रमाणे आत्या सासूला भेटून आली, तिच्याजवळ चार दिवस राहिली, आणि कोणी आणायला न जाता आपल्या पायांनी परत आली. ती आमच्याच घरात म्हातारी झाली. आईचं आणि तिचं भांडण व्हायचं ते होतच राहिलं, दोघींनी कधी कौतुकाचा एक शब्द एकमेकींना दिला नाही. पण पारशिवनीचं कोणी फाटकात दिसलं, मग ते लग्नाचं बोलावणं घेऊन का आलेलं असेना, की आई आधी चहा ठेवायची नाही. मागच्या अंगणात जाऊन रंगाचा गंज चुलीवर चढवायची.